अठ्ठावन्न पानांचं प्रगतिपुस्तक

शाळांची प्रगतिपुस्तकं छापणारं सॉफ्टवेअर मी लिहितो. कोथरूडला एका सोसायटीच्या पार्किंगमधल्या खोलीत माझं ऑफिस आहे. त्यात मी, एक कॉम्प्युटर आणि लोकांच्या चुकांबद्दलची माझी मतं, एवढ्यांची कशीबशी सोय होते. अकरा वर्षं हा धंदा करतोय आणि त्यातली निदान दहा वर्षं माझी एका गोष्टीवर गाढ श्रद्धा होती: सॉफ्टवेअर चुकत नाही, माणसं चुकतात. शाळेतून फोन आला की मी पहिला प्रश्न विचारायचो, "काय केलंत तुम्ही?" 'काय झालं' असं विचारायची पद्धत आमच्याकडे नव्हती.

तर या प्रगतिपुस्तकात श्रेणींच्या तक्त्याखाली एक चौकोन असतो, 'वर्णनात्मक नोंदी' नावाचा. मुलाबद्दल बाईंनी स्वतःच्या शब्दांत काही लिहावं, अशी त्यामागची अपेक्षा. आता वर्गात पन्नास मुलं, बाई एक. एवढे स्वतःचे शब्द बिचारीनं आणायचे कुठून? म्हणून मी तयार वाक्यांची यादीच देऊन ठेवली होती. 'वर्गकार्यात रस घेते.' 'हस्ताक्षर सुबक आहे.' 'बोलण्यात सुधारणा आवश्यक.' टिचकी मारली की वाक्य चौकोनात. पुण्यातल्या कितीतरी मुलांचं हस्ताक्षर माझ्या टिचकीनं सुबक झालेलं आहे. चौकोनाला मी एकच नियम घातला होता: हा मधेच तुटता कामा नये. पानावर मावला नाही, तर अख्खाच्या अख्खा पुढच्या पानावर जावा. लांबीला मर्यादा घातलीच नव्हती, कारण दोन वाक्यांच्या वर कधी कुणी लिहिलंच नव्हतं.

एक मेला झेंडावंदन झालं की शाळांचे निकाल लागतात. त्यामुळे तीस एप्रिल हा माझा वर्षातला सगळ्यात वाईट दिवस. त्या तीस एप्रिलला दुपारी बाराच्या सुमाराला कसबा पेठेतल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला. शाळेत त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात.

"तुमचा प्रिंटर थांबत नाहीये."

"प्रिंटर तुमचा आहे. काय केलंत तुम्ही?"

"चौथीतल्या एका मुलीचं प्रगतिपुस्तक छापायला दिलं. चाळिसावं पान चालू आहे."

"एकदम चाळीस मुलांची दिली असतील."

"एकीचं. हं, हे बघा, एक्केचाळिसावं आलं."

डोक्यात तिडीकच गेली. म्हटलं, घातला असेल काहीतरी घोळ आणि आता माझ्या नावानं शंख करतायत. तणतणत स्कूटर काढली. कसब्यात पोचून, ती कुठल्या तरी बोळात कोंबून शाळेत गेलो, तोवर प्रिंटर गप्प झाला होता. शहाणपण सुचलं म्हणून नव्हे, अठ्ठावन्नाव्या पानाला कागद संपला म्हणून. नाहीतर आजही चालू असता.

मोठ्या बाईंनी आपल्या खोलीत, कॉम्प्युटरशेजारी पडलेला गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. पहिल्या पानावर मुलीचं नाव, फोटो, श्रेणींचा तक्ता. पुढच्या सत्तावन्न पानांवर डोक्याला शाळेचं नाव आणि बोधचिन्ह, तळाला पान क्रमांक, मधे शुभ्र काही नाही.

"या सत्तावन्न पानांवर काय आहे?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही, तर छापलं कशाला?"

या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते मला द्यायचं नव्हतं. झालं होतं असं, की बाईंनी चौकोनात एका पानापेक्षा जास्त मजकूर लिहिला होता. चौकोन पहिल्या पानावर मावेना म्हणून नियमाप्रमाणे दुसऱ्यावर गेला. तिथे मावेना म्हणून तिसऱ्यावर. जागा बघत हिंडणाऱ्या एकट्या ब्रह्मचाऱ्यासारखा तो पानोपानी विचारत चालला होता आणि प्रत्येक पान त्याला 'पुढे बघा' म्हणत होतं. चूक माझीच होती. तरी मी म्हटलं, "बाईंना म्हणावं, आवरतं घ्या."

"ते तुम्हीच सांगा त्यांना," मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी 'रद्द'चा शिक्का काढला. शाळेचं नाव आणि क्रमांक असलेलं पान कोरं असलं तरी नुसतं फेकता येत नाही. कोणी त्यावर काहीबाही लिहून शाळेच्या नावावर खपवलं तर? म्हणून प्रत्येक पानावर शिक्का, शिक्क्याखाली सही. मी पानं पुढे सरकवत होतो, त्या काहीच नसलेलं एकेक पान रीतसर रद्द करत होत्या. पंचविसाव्या पानाला त्या म्हणाल्या, "सव्वीस वर्षांच्या नोकरीत इतकं निरर्थक काम केलं नव्हतं हो. आणि या नोकरीत ते सोपं नाही."

तेवढ्यात चौथीच्या बाई आल्या. पन्नाशीच्या, काटकुळ्या, हातात एक निळी छोटी वही. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"तुम्हीच का ते चौकोनवाले? वाढवा तो."

"किती?"

"लिहून होईपर्यंत."

"अहो बाई, तयार वाक्यं दिलीयत की. दोन टिचक्या मारल्या की काम झालं."

"त्याच टिचक्यांनी त्या मुलीची तीन वर्षं गेली," बाई म्हणाल्या आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

मुलगी वर्गात बोलत नाही, अशी तिची पहिलीपासूनची ख्याती होती. घरी आईच्या कानात काय ते कुजबुजायची, बाकी जगाला मान हलवून उत्तर. तीन वर्षं तिच्या प्रगतिपुस्तकात माझंच वाक्य छापून जात होतं: 'बोलण्यात सुधारणा आवश्यक.' वडिलांचं तिथेच पेठेत कुकर आणि शेगड्या दुरुस्तीचं दुकान. त्यांनी दिवाळीलाच सांगून ठेवलं होतं, की यंदाही तेच छापून आलं तर पोरीचा दाखला काढतो आणि गावी बहिणीकडे ठेवतो. तिथे न बोलून चालतं.

"मी सांगितलं त्यांना, अहो, बोलते ती," बाई म्हणाल्या. "तर म्हणे, बाई, तुम्ही मायेनं बोलताय. वही दाखवली, तर म्हणे, वही तुमची आहे. शाळेचं छापील असेल ते दाखवा."

वहीत त्या मुलीनं वर्षभरात शाळेत उच्चारलेलं वाक्य न् वाक्य होतं. महिना, जागा, कोणाला उद्देशून. एकूण एक्केचाळीस. ती एक्केचाळीसच्या एक्केचाळीस बाईंनी माझ्या चौकोनात टाइप केली होती. जूनमध्ये खिडकीतल्या मांजराला: "शुक." जुलैत पाण्याच्या नळापाशी एका मुलीला: "तुझी वेणी सुटलीये." ऑगस्टमध्ये बाई फळ्यावर बेरीज करत असताना, भिंतीकडे बघून: "हातचा राहिला." दिवाळीनंतर, बाई वर्गभर चष्मा शोधत असताना, पहिल्या बाकावरून: "डोक्यावर." मी वाचत गेलो आणि मला हसू यायला लागलं. बाई माझ्याकडे रोखून बघत होत्या, म्हणून तोंडावर हात धरून वाचलं.

"यातली चार-पाच निवडू या का? ठळक अशी?" मी विचारलं.

"चार-पाच बघून ते म्हणतील, योगायोग. एक्केचाळीस म्हटल्यावर कोण म्हणेल?"

कॉम्प्युटर पुढ्यात ओढला. बसलो मग.

आधी अक्षर बारीक केलं. अख्खा मजकूर पहिल्याच पानावर मावला. मोठ्या बाईंनी पान नाकाजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ नेलं. "हे मुंग्यांच्या शाळेत लावा," म्हणाल्या. रद्द.

मग चौकोनाचा नियमच काढून टाकला. तुटतोस तर तूट बाबा. तो तुटला, पण कुठे तुटावं याची त्याला काही अक्कल नव्हती. ओळीच्या मधोमध, आडवा तुटला. पहिल्या पानाच्या तळाला शिरोरेषा, मात्रा आणि वेलांट्या, दुसऱ्या पानाच्या डोक्याला उरलेली धडं आणि त्यांचे उकार. दोन पानं एकमेकांना चिकटवून धरली तर 'हातचा राहिला' वाचता येत होतं. मोठ्या बाईंनी तीही रद्द केली. दोन्ही पानांवर वेगवेगळे शिक्के मारून.

ते निस्तरेपर्यंत साडेतीन वाजले. आता ओळी धड होत्या, मजकूर तक्त्याखाली सुरू होऊन तिसऱ्या पानावर संपत होता. मी चहा मागवायच्या बेतात होतो, तर मोठ्या बाई म्हणाल्या, "हे काय?"

चौथं पान आलं होतं. त्यावर वर्गशिक्षिकेची आणि मुख्याध्यापिकेची सहीची जागा, बाकी पान मोकळं.

"सही एकटी चालत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "सहीच्या वर त्याच पानावर निदान दोन ओळी मजकूर लागतो. नाहीतर वरच्या जागेत उद्या कोणी लिहील, की या शाळेची इमारत मला बक्षीस दिली, आणि खाली माझी सही."

"मग शेवटच्या दोन ओळी खाली ढकलतो."

"ढकला. पण मग तिसऱ्या पानाच्या तळाला जागा मोकळी राहील. तेही चालत नाही. तिथेही कोणी काही घुसडेल."

म्हणजे सहीवर दोन ओळी हव्यात आणि आधीच्या पानावर मोकळी जागा नको. मी दोन्ही नियम इमानेइतबारे सॉफ्टवेअरला शिकवले. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. त्यानं दोन ओळी सहीसाठी चौथ्या पानावर ढकलल्या. मग त्याच्या लक्षात आलं, की तिसऱ्यावर जागा मोकळी पडलीये. त्यानं त्या ओळी परत वर घेतल्या. मग सही एकटी पडली. परत ढकलल्या. परत वर. पडद्यावर त्या दोन ओळी वर-खाली, वर-खाली करत होत्या आणि आम्ही तिघं गुडघ्यांवर हात ठेवून बघत होतो. पाच मिनिटांनी चौथीच्या बाई म्हणाल्या, "यांच्यात समझोता व्हायचा नाही. उद्या सकाळी आठला निकाल आहे." आणि त्या वर्गातले बाकीचे निकाल लावायला निघून गेल्या. मोठ्या बाईही झेंड्याच्या दोरीचं बघायला गेल्या. खोलीत मी एकटा उरलो.

तिसऱ्या पानाच्या तळाला तीन ओळींची जागा होती. सह्यांना चार ओळी लागत होत्या. अवघ्या एका ओळीनं घोडं अडलं होतं. एक ओळ कमी झाली असती, तर सह्या तिसऱ्याच पानावर बसल्या असत्या आणि चौथ्या पानाचा प्रश्नच मिटला असता.

मी यादी पुन्हा वरपासून वाचली. डिसेंबरमधली एक नोंद होती: प्रार्थनेच्या रांगेत, पुढच्या मुलीला: "सरक." एकच शब्द, आणि अख्खी ओळ अडवून बसलेला. म्हटलं, एक्केचाळीस काय आणि चाळीस काय. मी ते भांडणारे दोन्ही नियम पुसले आणि ती नोंद काढली. अनुक्रमांक आपोआप एकेकानं वर सरकले, सह्या जागच्या जागी बसल्या. मोठ्या बाई आल्या, त्यांनी तिन्ही पानं बघितली आणि दिवसात पहिल्यांदाच शिक्का बाजूला ठेवला. चौथीच्या बाईंनी घाईघाईत शेवटचा अनुक्रमांकही न बघता सही केली आणि "उपकार झाले हो," म्हणाल्या. मी "अहो, त्यात काय!" म्हटलं. निर्लज्जपणाची हद्द झाली.

दुसऱ्या दिवशी निकालाच्या वेळी काही अडलं तर असू द्या, म्हणून मोठ्या बाईंनी मला बोलावूनच ठेवलं होतं. झेंडावंदन झालं. मैदानात पेढ्यांचे पुडे फिरत होते. नऊच्या सुमाराला मुलीचे वडील थेट मोठ्या बाईंच्या खोलीत आले. इस्त्रीचा शर्ट, नखांत काळी रेघ, खिशात घडी घातलेला कागद. "दाखल्याचा अर्ज आणलाय," म्हणाले. मागून चौथीच्या बाई मुलीचा हात धरून आल्या आणि त्यांनी तिन्ही पानं त्यांच्यापुढे टेबलावर मांडली.

"आधी हे वाचा. छापील आहे. शाळेचं आहे."

वडील वाचू लागले. ओठ हलवत, एकेक ओळ. मुलगी टेबलाच्या पलीकडून, उलट्या बाजूनं वाचत होती. ते तिसऱ्या पानापर्यंत गेले, सह्या बघितल्या आणि पानं नीट एकावर एक ठेवली.

"बाई, तुमचे उपकार आहेत. पण हे तुम्ही मायेनं लिहिलंय."

"अहो, छापलंय!"

"छापणाऱ्याचं काय? तुम्ही द्याल ते छापेल." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय साहेब?"

"हो," मी म्हटलं. "देतील ते सगळं जसंच्या तसं छापतो आम्ही."

त्यांनी खिशातला अर्ज काढला. मुलीनं तोवर पानं स्वतःकडे ओढून घेतली होती. तिचं बोट तिसऱ्या पानावरून खाली गेलं, थांबलं, परत वर आलं, परत खाली गेलं. मग ती चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली,

"बाई, 'सरक' राहिलं."

वडिलांचा अर्जाचा हात टेबलाच्या वरच राहिला.

"काय राहिलं?" त्यांनी विचारलं. बाईंना नाही, मुलीला.

"'सरक'. डिसेंबरातलं. प्रार्थनेला म्हटलेलं."

"कुणाला?"

"पुढचीला. ती मागं मागं येत होती."

बाईंनी वही उघडली. डिसेंबर काढला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. मोठ्या बाईंनीही बघितलं. सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी त्या माणसाला सगळं समजावून सांगितलं: चौकोन, तिसऱ्या पानावरच्या तीन ओळी, सह्यांना लागणाऱ्या चार, खाली ढकललेल्या आणि परत वर आलेल्या दोन. आदल्या दिवशी एकट्याला ही कहाणी मला चांगलीच पटली होती. इथे सांगताना प्रत्येक वाक्याला ती जास्त जास्त खुळ्यासारखी वाटायला लागली. त्यांनी शांतपणे पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हणजे," ते म्हणाले, "सही एकटी पडू नये म्हणून तुम्ही माझ्या पोरीचं बोलणं कापलंत."

मला लाज वाटली. अकरा वर्षांत पहिल्यांदा, आणि पुरेपूर वाटली. हो म्हटलं.

"घाला परत," ते म्हणाले. "थांबतो मी."

ते स्टुलावर बसले. मी ओळ परत घातली. सह्या टुणकन चौथ्या पानावर गेल्या, एकट्या. मी मोठ्या बाईंकडे बघितलं, मोठ्या बाईंनी शिक्क्याकडे बघितलं.

"थांबा," चौथीच्या बाई म्हणाल्या. "बेचाळीस. लिहा. मे महिना. मुख्याध्यापिकांच्या खोलीत, वडील, मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका आणि एक छपाईवाले गृहस्थ यांच्यासमोर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात." मग त्यांनी ती काय म्हणाली ते, वडिलांनी काय विचारलं ते आणि तिनं काय उत्तर दिलं ते, सगळं सांगितलं. "नंतर म्हणाली की पुढची मुलगी मागं येत होती, तेही लिहा. कारण दिलंय तिनं."

ती नोंद पाच ओळींची झाली. तीन ओळींनी तिसरं पान काठोकाठ भरलं, दोन चौथ्यावर उतरल्या, आणि त्यांच्याखाली सह्या. मी सॉफ्टवेअरला बोटही लावलं नव्हतं. मोठ्या बाईंनी चौथं पान उलटंसुलटं करून बघितलं, काही काढता येत नाही अशी खात्री करून घेतली आणि सही केली.

वडिलांनी चारही पानं घेतली. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मुलगी आता त्यांच्या बाजूनं वाचत होती. मधेच त्यांनी एका ओळीवर बोट ठेवून तिच्याकडे बघितलं, तेव्हा तिनं मान हलवली.

"तो दाखल्याचा अर्ज देताय ना?" मोठ्या बाईंनी हात पुढे केला. "आवक नोंदवून घेते."

वडिलांनी पानातून डोकं वर काढलं नाही.

"कसला अर्ज?" ते म्हणाले.